गळ, फिशफाइंडर आणि परत सोडलेला मासा : नदी-खाडीतली हौशी मासेमारी

रत्नागिरी तालुक्यातले मालगुंड हे गाव बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे ते केशवसुतांचे जन्मगाव, आणि दुसरे म्हणजे ते गणपतीपुळ्याला अगदी लागून आहे. गाव समुद्राकाठचे असल्यामुळे इथली मासेमारी म्हणजे समुद्रातली मासेमारी, असेच बाहेरच्या माणसाला वाटते. पण जूनमधले पहिले मोठे पाऊस पडून गेले की उन्हाळाभर कोरडे पडलेले पऱ्ये आणि वहाळ वाहू लागतात, भाताच्या खाचरांत पाणी साचते, आणि त्याच वेळी यांत्रिक होड्या बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात. मग कोणी गळ घेऊन पऱ्यावर जातो, कोणी उत्तरेकडे जयगडच्या खाडीवर. सुट्टीत गावी आलेल्या मुंबईकराच्या पिशवीत हल्ली गळाबरोबर आणखी एक वस्तू दिसू लागली आहे : मोबाईलला जोडता येणारा छोटा फिशफाइंडर.

पाण्याखालचा मासा कुठे आहे हे यंत्र सांगू लागल्यावर मासेमारीचा छंद सोपा झाला आहे. पण नदीतले मासे मात्र वाढलेले नाहीत. या लेखात तीन गोष्टी समजून घेऊ : हौशी मासेमारी म्हणजे काय, होडीवरची ही यंत्रे कशी काम करतात, आणि आपल्या गावच्या पाण्यातले मासे टिकावेत यासाठी गळ टाकणाऱ्याने काय करायचे.

हौशी मासेमारी म्हणजे काय?

विकण्यासाठी किंवा पोटासाठी नव्हे, तर आवड म्हणून गळाने मासे पकडणे, याला हौशी मासेमारी किंवा अँगलिंग म्हणतात. यात जाळे नसते. काठी म्हणजे रॉड, तंगूस गुंडाळण्याचे रीळ, गरी आणि आमिष एवढेच साहित्य असते. आमिष खरे असू शकते, म्हणजे गांडूळ, झिंगा किंवा कणकेची गोळी. किंवा खोटे, म्हणजे लाकडाचा, प्लॅस्टिकचा वा धातूचा माशासारखा तुकडा.

महाराष्ट्रात या छंदाचे जुने ठिकाण म्हणजे मुंबईचा पवई तलाव. मुंबईला पाणी मिळावे म्हणून १८९१ साली हा तलाव तयार झाला, पण त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही. पुढे तिथे गळाने मासे पकडणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था आजही या तलावाशी जोडलेली आहे. कोकणात मात्र असा क्लब नसतानाही गळ टाकणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फरक एवढाच, की गावचा माणूस मासा घरी नेऊन कालवण करतो आणि क्लबचा माणूस बहुधा फोटो काढून तो पाण्यात सोडतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य असू शकतात. प्रश्न असतो तो कोणता मासा, किती आणि कधी, याचा.

कोकणातल्या नदीत आणि खाडीत कोणते मासे असतात?

सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्राला मिळणाऱ्या कोकणातल्या नद्या लांबीला कमी आणि उताराला तीव्र आहेत. मालगुंडच्या उत्तरेला समुद्राला मिळणारी शास्त्री नदी संगमेश्वरावरून येते आणि जयगडला खाडी होऊन समुद्राला भिडते. अशा नदीचे तीन भाग पडतात : वर दगडधोंड्यांतून वाहणारे गोडे पाणी, मधले खोल डोह किंवा कोंड, आणि खाली भरती-ओहोटीचे मचूळ पाणी. प्रत्येक भागातले मासे वेगळे असतात, पण ते एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नसतात.

*मरळ* : डोहात, तळ्यात आणि संथ पाण्यात राहणारा शिकारी मासा. वरून हवा घेऊ शकत असल्याने गढूळ आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. गळाला जोरात लागतो, म्हणून हौशी लोकांचा आवडता.

*खडस किंवा महसीर* : मोठ्या खवल्यांचा, वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा. गोड्या पाण्यात गळाने पकडल्या जाणाऱ्या भारतीय माशांमध्ये याचे नाव सर्वांत मोठे. १९४६ साली कर्नाटकातल्या काबिनी नदीत गळाने पकडलेल्या महसीरचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते.

*जिताडा* : उत्तर कोकणात जिताडा, दक्षिणेकडे खजुरा किंवा चोणक. हा खाडीचा मासा, पण लहानपणी गोड्या पाण्यात वरपर्यंत चढतो आणि अंडी घालायला पुन्हा खाडीच्या तोंडाशी येतो.

*तांबोशी* : खाडीच्या कांदळवनात वाढणारा आणि मोठा झाल्यावर समुद्रातल्या खडकाळ जागी जाणारा मासा.

या यादीतला मुद्दा असा, की मासा एकाच जागी राहत नाही. खाडीत मोठा जिताडा मिळायचा असेल, तर वरच्या पाण्यात त्याचे पिल्लू जगले पाहिजे. वरच्या पऱ्यावर बंधारा पडला, विष पडले किंवा वाळू उपसली, तर त्याचा परिणाम काही वर्षांनी खालच्या खाडीत दिसतो.

फिशफाइंडर कसा काम करतो?

फिशफाइंडर म्हणजे छोटा सोनार. होडीच्या तळाशी किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या चेंडूत एक भाग असतो, त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो आणि तळावर किंवा माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळ १० मीटर खोल असेल, तर ध्वनीला जाऊन-येऊन २० मीटर अंतर कापावे लागते आणि त्याला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि त्यावरून खोली काढते. हेच सेकंदात अनेकदा घडते आणि पडद्यावर तळाची रेघ उमटत जाते.

मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. माशाचे मांस आणि पाणी यांत ध्वनीच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, पण हवा आणि पाणी यांत प्रचंड फरक असतो. त्यामुळे पिशवीवरून प्रतिध्वनी ठळक येतो.

पडद्यावर मासा कमानीसारखा का दिसतो, हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो. मासा शंकूच्या कडेला असताना त्याचे अंतर जास्त असते, मध्यभागी आला की कमी होते, आणि पलीकडच्या कडेला गेला की पुन्हा वाढते. हे तिन्ही क्षण पडद्यावर शेजारी शेजारी उमटले की कमान तयार होते. होडी आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमान दिसत नाही, सरळ रेघ दिसते.

आणखी एक गैरसमज टाळायला हवा. पडद्याच्या उजव्या कडेला दिसते ते आत्ताचे, आणि डावीकडे सरकत गेलेले जुने. डावीकडची कमान म्हणजे होडीच्या डावीकडचा मासा नव्हे. तो थोड्या वेळापूर्वी खालून गेलेला मासा.

कंपनसंख्या आणि शंकू : विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

बहुतेक यंत्रांवर ५०, ८३ किंवा २०० किलोहर्ट्झ असे आकडे असतात. साधारण नियम असा : आकडा मोठा तर तपशील जास्त, पण खोलवर पोच कमी, आकडा लहान तर पोच जास्त, पण तपशील ढोबळ. २०० किलोहर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी साडेसात मिलिमीटर असते, तर ५० किलोहर्ट्झला ३ सेंटिमीटर. नदी, तलाव आणि खाडीच्या उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झचे यंत्र पुरते. ५० किलोहर्ट्झ खोल समुद्रासाठी.

शंकूचा कोनही महत्त्वाचा. २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. ६० अंशांचा शंकू त्याच खोलीवर सुमारे साडेअकरा मीटर. म्हणजे रुंद शंकू जास्त जागा पाहतो, पण मासा नेमका कुठे आहे हे सांगण्यात तो कमी पडतो. आणि डोह तीन मीटरच खोल असेल, तर २० अंशांचा शंकू जेमतेम एक मीटरभर जागा पाहतो. उथळ पऱ्यावर यंत्रापेक्षा गावातल्या जाणत्या माणसाला विचारलेले बरे.

चर्प नावाचा प्रकार एकाच कंपनसंख्येऐवजी ठरावीक पट्ट्यातल्या अनेक कंपनसंख्या वापरतो, त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात. बाजूला पाहणारे सोनार होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवते. अलीकडे आलेले पुढे पाहणारे थेट सोनार तर मासा आमिषाकडे येतानाच जवळजवळ चित्रफितीसारखा दाखवते. अमेरिकेत या शेवटच्या प्रकारावरून बराच वाद झाला आणि काही बास-मासेमारी स्पर्धांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. यंत्राची पावले आता माशाच्या पावलांपुढे जात आहेत, हा त्या वादाचा गाभा होता.

होडीवर आणखी काय लागते?

*जीपीएस* : जागा नोंदवायला आणि धुक्यात किंवा अंधारात परत यायला उपयोगी. खाडीत वाळूचे पट्टे पावसाळ्यागणिक सरकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या नोंदीवर डोळे झाकून होडी घालू नये.

*बॅटरी* : छोट्या फिशफाइंडरला १२ व्होल्टची लहान बॅटरी पुरते. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त पण जड. लिथियम आयर्न फॉस्फेटची हलकी आणि जास्त काळ टिकणारी, पण महाग. कोणतीही असली तरी बॅटरीजवळ फ्यूज हवाच. खाऱ्या हवेत तारांची टोके लवकर गंजतात. परत आल्यावर ती गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत.

*जीवरक्षक जॅकेट आणि संपर्क* : कुठल्याही यंत्राच्या आधी हे. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा. खाडीच्या तोंडाकडे जाणार असाल तर हवामान विभागाचा इशारा पाहावा. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. धरणाखालच्या नदीत पाणी सोडण्याचा भोंगा झाला तर सामान सोडून काठावर यावे.

समुद्रातल्या मच्छीमारांसाठी हीच यंत्रे आता सोयीची नव्हे तर जिवाची गोष्ट झाली आहेत. नेटवर्कच्या पलीकडे गेलेल्या होडीला उपग्रहामार्फत निरोप देता-घेता यावा म्हणून इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले ट्रान्सपॉन्डर देशभरातल्या एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथे झाला.

यंत्राला काय कळत नाही?

फिशफाइंडर मासा आहे एवढेच सांगतो. तो कोणत्या जातीचा आहे, पोटात अंडी आहेत का, त्या डोहात त्याच्यासारखे आणखी किती उरलेत, हे तो सांगत नाही.

उन्हाळ्यातला डोह डोळ्यांपुढे आणा. मार्च-एप्रिलपर्यंत नदीचा प्रवाह तुटतो. किलोमीटरभर पसरलेले मासे दोन-चार कोंडांत गोळा होतात. पुढच्या पावसाळ्यात सगळी नदी पुन्हा भरणार ती या कोंडांत जगलेल्या माशांच्या पिढीतून. अशा वेळी यंत्र लावून डोहाचा तळ शोधला, तर पडदा कमानींनी भरून जातो आणि ‘इथे खूप मासे आहेत’ असे वाटते. खरे म्हणजे मासे खूप नसतात. सगळ्या नदीतले उरलेले मासे तिथे असतात.

म्हणून साधा नियम : प्रवाह तुटलेल्या डोहात गळ टाकू नये. त्या महिन्यांत यंत्राचा उपयोग करायचाच असेल, तर डोहाची खोली मोजायला करावा. दरवर्षी एकाच जागी मोजलेली खोली गाळ किती साचला हे दाखवते, आणि गाळ कुठला काढावा व कुठला राहू द्यावा यावर ग्रामपंचायतीत बोलताना हाताशी आकडा असतो.

याच विजेचा सर्वांत वाईट उपयोगही नदीवर होतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडला, की लहान-मोठे सगळे मासे, खेकडे, बेडूक एकदम उलटे होतात. गेळफळासारख्या वनस्पतींचे किंवा दुकानातल्या रसायनांचे विष, आणि सुरुंग यांचीही तीच गत. स्फोटके आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच मनाई आहे.

चढणीचे मासे का सोडावेत?

पहिल्या पावसात पाणी वाढले की अनेक जातींचे मासे प्रवाहाच्या उलट चढतात. पऱ्यातून खाचरात, खाचरातून वरच्या वहाळात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. रायगड-ठाण्याकडे याच हंगामाला वलगण म्हणतात. रात्री बॅटरी घेऊन हे मासे धरायला जाणे ही कोकणातल्या अनेकांची बालपणीची आठवण आहे, आणि त्या कालवणाची चव विसरता येत नाही.

पण हे मासे चढतात ते अंडी घालायला. उथळ, ताज्या, गवताळ पाण्यात अंडी सुरक्षित राहतात आणि पिल्लांना खायला मिळते. चढतानाच मादी धरली, तर एक मासा नव्हे, त्या मादीची सगळी अंडी जातात. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, त्याच्या मागे हाच विचार आहे. केरळात पावसाच्या सुरुवातीला चढणारे मासे पकडण्याची अशीच जुनी प्रथा आहे. तिथे राज्याच्या अंतर्गत मत्स्यव्यवसाय कायद्याखाली तिला मनाई केली गेली.

कोकणात ही प्रथा एकदम थांबेल असे नाही. पण तीन गोष्टी प्रत्येकाला जमतात. पऱ्याचे तोंड जाळ्याने किंवा दगडांनी पूर्ण अडवायचे नाही. अर्धी वाट मोकळी ठेवायची. पहिल्या पावसानंतरचे पहिले काही दिवस सोडून द्यायचे. आणि पोट फुगलेली मादी हाताला लागली तर तिला वरच्या पाण्यात सोडायचे.

मरळीबाबत आणखी एक खूण ओळखावी. मरळीची पिल्ले सुरुवातीला तांबूस-नारिंगी पुंजक्याने पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप त्यांच्या खाली राखण करत असतात. पुंजक्याजवळ आमिष टाकले की राखणदार मरळ चवताळून येते, म्हणून ती पकडणे फार सोपे असते. पण ती गेली की काही वेळात सारा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. पुंजका दिसला तर गळ दुसरीकडे न्यावा.

पकडून सोडायचे कसे?

मासा पाण्यात सोडला म्हणजे तो जगलाच, असे नसते. हाताळणीत चूक झाली तर तो तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी मरतो आणि आपल्याला कळतही नाही. पुढची पद्धत जगभर वापरली जाते :

१. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. गरी पटकन निघते. तीन टोकांच्या गरीऐवजी एकाच टोकाची गरी लावा.

२. जाड तंगूस वापरा. बारीक तंगुसावर मासा फार वेळ दमवला, तर तो सोडल्यावरही सावरत नाही.

३. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचा जंतूंपासून बचाव असतो.

४. मासा शक्यतो पाण्यातच ठेवा. फोटोसाठी बाहेर काढायचा तर आपला श्वास रोखून धरा. तो संपण्याआधी मासा पाण्यात जायला हवा.

५. मोठा मासा जबड्याला उभा लटकवू नका. एक हात पोटाखाली ठेवून आडवा धरा. कल्ल्यांत बोटे घालू नका.

६. गरी खोल गिळली असेल तर ओढू नका. तंगूस गरीजवळ कापा.

७. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा. तो स्वतःहून शेपटी मारून जाईपर्यंत आधार द्या.

८. खोल पाण्यातून भराभर वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो खाली जाऊ शकत नाही. खोल जागी आधीच सावकाश ओढा. भर दुपारी, पाणी तापलेले असताना, सोडायच्या माशांसाठी गळ टाकूच नका.

तुटलेले तंगूस पाण्यात टाकू नये. ते वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि त्यात पक्षी, कासवे, साप अडकतात.

कोणता मासा घरी न्यायचा?

लहान सोडायचा आणि मोठा न्यायचा, हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. जिताड्याचे उदाहरण घ्या. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, पुरेसा मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या असतात. मोठाच जिताडा न्यायचा असे सगळ्यांनी ठरवले, तर अंडी घालणाऱ्याच आधी संपतील. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच जातीसाठी, तिथे तिला बारामुंडी म्हणतात, ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. मधल्या मापाचा न्यायचा, दोन्ही टोके सोडायची.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले गेले. नदीत आणि पऱ्यावर मात्र मोजपट्टी बहुधा आपल्याच हातात असते. काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून घेतल्या तर मासा पाण्यातच मोजता येतो.

एक गोष्ट कधीच पाण्यात सोडू नये : परका मासा. तिलापिया किंवा आफ्रिकेतून आलेला मांगूर गळाला लागला, तर तो परत सोडायचा नाही. हा मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे, कारण तो स्थानिक मासे खाऊन फस्त करतो. घरच्या काचपेटीतले मासे कंटाळा आल्यावर नदीत सोडणे हाही तितकाच मोठा अपराध.

लोणावळ्याचे मासे आणि कावेरीची गोष्ट

‘मासे कमी झाले, मग बीज आणून सोडू’ हा उपाय नेहमी सुचतो. त्यात काय होऊ शकते हे महाराष्ट्राशी जोडलेल्या एका घटनेतून दिसते.

दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे हा मासा कमी होऊ लागला. १९७०च्या दशकात टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण इथे त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे काम त्यात मोलाचे ठरले. हजारो-लाखो पिल्ले तयार झाली आणि देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली. मासा वाचवण्याचा हा मोठा आणि प्रामाणिक प्रयत्न होता.

त्यातली काही पिल्ले कर्नाटकात कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा : पाठीवर उंचवटा असलेला, तांबूस-केशरी परांचा, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. गालिबोर इथल्या गळ-मासेमारीच्या तळावर पकडलेला प्रत्येक मासा वहीत लिहून सोडला जात असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी, म्हणजे २३ हजारांहून अधिक तासांची मासेमारी आणि ६ हजारांहून अधिक मासे, शास्त्रज्ञांनी तपासल्या. एकूण महसीरांची संख्या वाढत होती, म्हणून सगळ्यांना बरे वाटत होते. पण जाती वेगळ्या केल्यावर दिसले, की वाढ होती ती बाहेरून आलेल्या दख्खनच्या महसीरची. कावेरीचा मूळ महसीर झपाट्याने कमी झाला होता. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, मासा आपला असला तरी प्रत्येक नदी त्याची नसते. शास्त्रीच्या पाण्यात दुसऱ्या खोऱ्यातले बीज सोडण्याआधी तज्ज्ञांना विचारावे. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. एवढ्या जवळ असा सल्ला मिळणारी गावे थोडी. दुसरी, कावेरीत काय चालले आहे हे कळले ते हौशी मासेमारांच्या वहीमुळे.

वहीत काय लिहायचे?

जीपीएसची जागा स्वतःपुरती ठेवली तरी चालेल, पण नोंद ठेवावी. तारीख, गळ टाकल्याची आणि उचलल्याची वेळ, पऱ्या की खाडी, भरती की ओहोटी, माशाची जात, लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि सोडला की नेला. मासा मिळाला नाही त्या दिवशीही वेळ लिहायची. तीच नोंद लोक विसरतात आणि तीच सर्वांत उपयोगी असते.

सहा तासांत तीन मासे, म्हणजे तासाला अर्धा मासा. हाच आकडा दहा वर्षांनी तासाला एक दशांश झाला, तर नदी काय सांगते आहे ते कुणालाही कळेल. ‘आमच्या लहानपणी खूप मासे होते’ या वाक्याला पुरावा नसतो, वहीला असतो. जात ओळखता आली नाही तर बाजूने काढलेला स्वच्छ फोटो जोडावा.

परवानगी कोणाची?

धरणे आणि मोठे तलाव यांतले मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे बीज सोडण्याचा खर्च त्या संस्थेने केलेला असतो, म्हणून हौस असली तरी संस्थेची परवानगी हवी. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीला विचारावे. कोयना, चांदोली यांसारख्या संरक्षित वनक्षेत्रांत वनविभागाच्या परवानगीशिवाय पाण्याजवळही जाऊ नये. खाडीत ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांची जाळी लावलेली असतात. त्यांच्या जवळून गळ ओढू नये, आणि हौसेने पकडलेला मासा बाजारात विकायला नेऊ नये.

देवाचा डोह

मासे राखणे ही महाराष्ट्राला नवी कल्पना नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडात वरदायिनी देवीचे म्हणून, आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात महादेवाचे म्हणून, महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. लोक त्यांना चुरमुरे, लाह्या घालतात; गळ कोणी टाकत नाही. डोहाच्या वर आणि खाली मासे कमी होत गेले तरी डोहात ते राहिले, कारण तिथली एक जागा, सगळ्या ऋतूंत, सगळ्यांनी मिळून सोडून दिलेली होती.

प्रत्येक गावाला असा देव असेलच असे नाही. पण गावच्या नदीवरचा एक कोंड ग्रामसभेत ठराव करून बाराही महिने मोकळा ठेवता येतो. त्यातले मासे वाढले की वरच्या पऱ्यावर आणि खालच्या खाडीवर गळ टाकणाऱ्यालाच ते मिळतात. त्या कोंडाची खोली आणि त्यातल्या कमानी वर्षातून एकदा मोजायला फिशफाइंडर घेऊन जरूर जावे. गळ मात्र घरी ठेवावा.